शून्य युनिटांचा कारखाना

आधीच सांगून ठेवते, मला भांडायची हौस नाही. लोक म्हणतात, आहे. म्हणू देत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर होता. गेल्या वर्षी एका दुपारी तो फट्कन उडाला. निळा धूर आला, करपल्याचा वास सुटला आणि चौदा कारखान्यांची गल्ली एका दमात गप्प झाली. आम्ही अर्ज केले. 'लवकरच बदलू' असं उत्तर आलं. महिन्याने परत अर्ज, परत 'लवकरच'. मग एकेकाने गाशा गुंडाळला. आधी वेल्डिंगवाला गेला, मग ग्रिलवाला, मग तो पॉलिशवाला, ज्याच्या मशीनच्या आवाजाने तीस वर्षं माझं डोकं उठायचं. गावाबाहेर नवी औद्योगिक वसाहत झाली आहे, तिथे चोवीस तास वीज. तिथले प्लॉट कोण वाटतं? ज्या ऑफिसने ट्रान्सफॉर्मर बदलायचा, तेच. माझी शाळा चौथीत सुटली, पण एवढं गणित मला येतं.

आम्ही दोघं राहिलो. मी आणि माझा धाकटा दीर.

भाऊजी लोहार, मी सुतार. यात हसण्यासारखं काही नाही. माझे वडील सुतार होते, त्यांना मुलगा नव्हता आणि मला गप्प बसता येत नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्या हातात रंधा दिला. लग्नात माझ्याबरोबर भांडीकुंडी आली नाहीत, हत्यारांची पेटी आली. सासूबाईंनी कपाळावर हात मारला होता. पण सासरचे सगळे लोखंडवाले, त्यांना लाकूडकामाला माणूस हवाच होता. माझे यजमान नऊ वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून शेडची डावी बाजू माझी आणि उजवी भाऊजींची. मी एकसष्ट, ते एकोणसाठ. मी दिवसभर बोलते आणि ते दिवसाला मोजून चार शब्द बोलतात, त्यातले दोन 'हं' असतात. असं चाळीस वर्षं छान चाललंय.

वीज गेली तेव्हा भाऊजी आठ दिवस ऐरणीवर नुसते बसून होते. नवव्या दिवशी माळ्यावर चढले आणि सासऱ्यांचा भाता खाली काढला. उंदरांनी त्याच्या चामड्याची चाळण केली होती. आम्ही चामडं बदललं. मी छपराचे सहा पत्रे काढून तिथे काचा बसवल्या, म्हणजे उजेड थेट बाकावर पडायला लागला. लेथची मोटर सोडवून बाजूला ठेवली आणि त्याला खाली पायटा आणि एक जड चाक जोडलं. पाय मारला की फिरतं. पहिला महिना माझी मांडी अशी धरायची की जिना चढताना मी मोठ्याने शिव्या द्यायची. आता तीच मांडी दगड झाली आहे. भोकं पाडायला हातड्रिल, कापायला करवत, घासायला कानस. सूर्य उगवला की काम सुरू, मावळला की बंद. हत्यारांचे दांडे, शिड्या, कडीकोयंडे, फावडी, हातगाड्यांची चाकं. लोक येत होते. काम कमी झालं, पण थांबलं म्हणाल तर एक दिवससुद्धा नाही.

आणि मग त्याच ऑफिसातून नोटीस आली.

'ज्या कारखान्याचा वीजवापर सलग बारा महिने शून्य युनिट आहे, तो कारखाना बंद समजण्यात येईल व जागेचा परवाना रद्द होईल.'

मी ती तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचली असती तर फाडली असती, म्हणून भाऊजींनी माझ्या हातातून काढून घेतली. परवाना गेला म्हणजे शेड गेली. आणि शेड गेली तर आम्ही कुठे जाणार? वसाहतीत? तिथे एक पोरगा बटण दाबतो आणि मशीन तासाला दोनशे दांडे काढतं. तिथे भाता कोण ठेवू देणार आणि भाऊजींना विचारणार कोण? घरी बसवलं तर ते सहा महिने काढणार नाहीत, हे मी माझ्या नवऱ्याच्या भावाला चाळीस वर्षं बघून सांगते. आणि माझं म्हणाल तर मी घरी बसले तर शेजारी सहा महिने काढणार नाहीत.

सोमवारी मी ऑफिसात गेले. साहेब पस्तिशीचा असेल, सभ्य, टेबलावर पाण्याची बाटली, समोर संगणक.

"बाई, हे बघा," तो स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला. "अकरा महिने, शून्य युनिट. पुढच्या महिन्यात बारा होतील. कारखाना चालू असता तर मीटर फिरलं नसतं का?"

"साहेब, तुमच्या तारेत वीजच नाही. मीटर काय माझ्या नावाने फिरणार?"

"तेच म्हणतोय मी. वीज नाही म्हणजे मशीन नाही. मशीन नाही म्हणजे उत्पादन नाही."

"वीज यायच्या आधी जगात खुर्च्या नव्हत्या वाटतं? सगळे उभेच असायचे?"

मागे रांगेत कोणीतरी हसलं. साहेब नाही हसला, पण त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, मी तुमच्या विरुद्ध नाही. मला कागदावर काहीतरी पुरावा लागतो. वसाहतीत जा. मी स्वतः शिफारस करतो."

आता इथे मी उठून यायला हवं होतं. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, ही माझी जन्माची खोड. मी म्हणाले, "शिफारस नको. गुरुवारी या. तुमच्या डोळ्यांदेखत हातगाडीचं एक आख्खं चाक करून दाखवते. लाकूड आणि लोखंड, दोन्ही. सकाळी दहाला बसा, पाचला उठा. खुर्ची आमची. चाक झालं तर 'चालू' लिहा. नाही झालं तर बंद केल्याच्या कागदावर तिथेच सही करते."

"नक्की?"

"लिहून देते."

आणि मी मूर्ख, लिहून दिलं.

भाऊजींना सांगितलं तेव्हा ते सांडशीने तापलेली पट्टी धरून उभे होते. पट्टी थंड होऊन काळी पडेपर्यंत तशीच धरून राहिले. मग म्हणाले, "सही कुणाच्या जिवावर केलीस, वहिनी?"

"आपल्या दोघांच्या."

"मला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. मी म्हणाले, "विचारलं असतं तर तुम्ही 'हं' म्हणाला असता, आणि त्याचा अर्थ लावेपर्यंत गुरुवार उलटला असता." ही माझी चूक. असं बोलायला नको होतं. भाऊजींनी पट्टी पाण्यात टाकली आणि त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद केलं. रोजचे चार शब्दसुद्धा नाहीत. मीही म्हटलं, बरं, आपणही बघू.

आमच्या कामात एक रीत आहे. चाकाला बाहेरून जे लोखंडाचं कडं चढवतात, त्याला धाव म्हणतात. धाव चाकापेक्षा जराशी लहान करायची, तापवायची म्हणजे ती फुलते, गरम असताना चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. थंड होताना ती आवळते आणि सगळं लाकूड मुठीत धरल्यासारखं धरते. मग ते चाक दहा वर्षं हलत नाही. म्हणून माप महत्त्वाचं. मी चाकाचा घेर मोजून मोठ्याने सांगायचा, भाऊजींनी तो मोठ्याने परत म्हणायचा, आणि त्यातून चार सूत, म्हणजे अर्धा इंच, त्यांनी कमी करायचे. वजाबाकी नेहमी त्यांची. सासऱ्यांच्या वेळेपासून असंच. मौनव्रत धरलेल्या माणसांनी हे कसं करायचं, ते मात्र सासऱ्यांनी सांगून ठेवलं नव्हतं.

गुरुवारी दहाच्या ठोक्याला साहेब आला. बरोबर शिपाई, त्याच्या पिशवीत कुलूप आणि सील करायची लाख. तयारीनेच आले होते. चाक ज्याच्यासाठी होतं तो हमालही आला. त्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो काडीसारखा आहे. त्याच्या हातगाडीचं एक चाक मोडलं होतं आणि गाडी दारात विटांवर उभी होती.

साहेबाने सगळं तपासलं. जनरेटर नाही, बॅटरी नाही. लाकूड आधीच कापून वाळवलेलं असणार, हे मी सोमवारीच लिहून दिलं होतं. लाकूड काही ऑफिसच्या वेळेत वाळत नाही. बाकी सगळं समोर.

मी सुरू केलं. मधला तुंबा लेथवर चढवला आणि पायटा मारायला लागले. छिलके उडून साहेबाच्या बुटावर पडले. मग बारा आऱ्यांसाठी बारा भोकं, पटाशीने, एकेक. साहेब आधी मोबाइल बघत होता. चौथ्या भोकाला त्याने मोबाइल खिशात ठेवला. सातव्याला खुर्ची पुढे ओढली. आरे ठोकून बसवले, त्यांच्यावर घेराचे सहा तुकडे बसवले, आणि एक वाजता लाकडाचं चाक माझ्यासमोर गोल उभं राहिलं. पैलवान म्हणाला, "काकू, एक नंबर." मी म्हणाले, "गप बस, अजून धाव चढायची आहे." पण आतून सुखावले होते, खोटं कशाला बोलू.

मग मी घेर मोजला. चौऱ्याण्णव इंच सहा सूत. जिभेवर आला होता आकडा. पण ओरडून कोणाला सांगणार? भाऊजी पाठ करून भाता ओढत होते. मला वाटलं, आपण पुढचंही काम करून ठेवावं, बघू दे त्यांना, त्यांच्यावाचून आपलं अडत नाही. मी चार सूत वजा केले आणि त्यांच्या ऐरणीच्या ओंडक्यावर खडूने लिहिलं: चौऱ्याण्णव इंच दोन सूत. रागात माणूस फार शहाणा होतो.

भाऊजींनी आकडा बघितला. माझ्याकडे बघितलं नाही.

त्यांचं काम बघायला गल्लीतली चार माणसं गोळा झाली होती. भाऊजी बोलत नाहीत, पण त्यांचा हातोडा बोलतो. पट्टी कापली, तापवून वाकवली, दोन टोकं एकमेकांवर घेतली, पांढरी होईतो तापवली आणि तीन घावांत एकजीव केली. सांधा कुठे ते नंतर शोधून सापडेना. साहेबाने उठून बोट फिरवून बघितलं आणि बोट भाजून घेतलं.

अंगणात तीन विटांवर धाव आडवी ठेवली. माझ्या बाजूचं वर्षभराचं सगळं टाकाऊ लाकूड, ढलप्या, भुसा, तिच्याभोवती रचून पेटवलं. लोखंड सगळीकडून सारखं तापलं पाहिजे, म्हणून भट्टी चालत नाही, गोल आगच लागते. अर्ध्या तासाने भाऊजींनी लाकडाची काडी धावेवर घासली, ती धूर काढत सरकली. वेळ झाली होती. तीन सांडश्या, तीन माणसं. भाऊजी, मी आणि पैलवान. उचलली, आणली, चाकावर धरली, आणि खाली सोडली.

बसली नाही.

एका बाजूने खाली गेली आणि दुसऱ्या बाजूला लाकडाच्या वर अडकली. भाऊजींनी दोन घाव घातले. लाकडातून ज्वाळा निघाली. "काढा!" ते ओरडले. तीन दिवसांतला पहिला शब्द. आम्ही धाव ओढून बाजूला टाकली, पैलवानाने चाकावर बादली ओतली. घेराला काळा डाग पडला होता, पण लाकूड वाचलं.

भाऊजींनी धाव मोजली. मग ओंडक्यावरचा खडूचा आकडा बघितला. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"हे लाकडाचं माप?"

"नाही," मी म्हणाले. "वजा करून लिहिलं."

"मी परत वजा केलं."

चार आणि चार, आठ सूत. तापून फार तर सहा सूत फुलते धाव. दोन सुतांनी आमची शेड चालली होती.

भाऊजी खाली बसले. चाळीस वर्षांत या माणसाच्या हातून धाव चुकलेली मी बघितली नव्हती. ते साहेबाला म्हणाले, "चूक माझी आहे. विचारायला हवं होतं."

"अहो, त्यांची कसली? माझी!" मी म्हणाले. "कोणी सांगितलं होतं मला वजा करायला?"

"लोखंडाचं माप लोहाराचं असतं."

"आणि खडू कोणाच्या हातात होता?"

"वहिनी, तू मध्ये बोलू नकोस."

"तीन दिवस नाही बोलले, त्याचंच हे फळ आहे!"

साहेब बिचारा एकदा यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. शेवटी तो हळूच म्हणाला, "तीन वाजून दहा मिनिटं झाली. बाई, मनापासून सांगतो, तुमचं काम बघून मला आनंद झाला. पण आता राहू द्या. इथे सही करा. वसाहतीत पहिल्या रांगेतला प्लॉट मिळवून देतो." आणि त्याने कागद पुढे केला. शिपायाने पिशवीतून कुलूप काढून मांडीवर ठेवलं.

भाऊजी म्हणाले, "दे सही. शब्द दिला होतास."

"शब्द पाचपर्यंतचा दिला होता," मी म्हणाले. "पाच वाजलेत?"

"वहिनी, नवी धाव करायला आता पट्टीच नाही."

"नवी कशाला? हीच वाढवा. लोखंड ठोकलं की पातळ होतं, आणि पातळ झालं की लांबतं. मला सुतारणीला माहीत आहे आणि तुम्ही लोहार असून रडत बसलात? नाचता येईना आणि अंगण वाकडं!"

भाऊजी ताडकन उठले. त्यांना रडका म्हटलेलं अजिबात खपत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. "घण घे," ते म्हणाले.

आम्ही धाव एका जागी भट्टीत तापवायची, ऐरणीवर घ्यायची, भाऊजींनी धरून फिरवायची आणि मी घण मारायचा. वीतभर झालं की पुढची वीत. मी लाकडाची माणूस, घण माझ्या हातचा नाही. पहिल्या दहा घावांत तळहात सोलला. पैलवान भाता ओढत होता आणि मोठ्याने घाव मोजत होता. त्याला नाही सांगितलं होतं मोजायला, पण बरं वाटत होतं. "डावीकडे," भाऊजी म्हणायचे. मी म्हणायची, "डावीकडे." "हलका." "हलका." घाम डोळ्यांत जात होता. एकदा मला वाटलं, आता नाही उचलत हा घण. मग त्या वसाहतीतला बटण दाबणारा पोरगा डोळ्यांसमोर आला आणि घण उचलला गेला. राग ही काही वाईट गोष्ट नाही, तो कुठे काढायचा ते कळलं पाहिजे.

चार वाजता भाऊजींनी मोजलं. "चौऱ्याण्णव इंच दोन सूत," ते मोठ्याने म्हणाले.

"चौऱ्याण्णव इंच दोन सूत," मी म्हणाले.

आता परत गोल आग हवी. आणि जाळायला काही उरलं नव्हतं. आधीच्या आगीची राख झाली होती, भट्टीचा कोळसा गोल आगीला पुरणारा नव्हता. बाकावर फळ्या होत्या, पण त्या गिऱ्हाइकांच्या. दुसऱ्याचं लाकूड मी जाळत नाही, शेड गेली तरी नाही. मी इकडे तिकडे बघितलं. पुढे शेडचा दरवाजा होता. दोन झडपांचा, जाड फळ्यांचा, पन्नास उन्हाळे वाळलेला. असं जळण शोधून मिळत नाही.

मी पहार घेतली आणि बिजागरीत घातली.

"बाई!" साहेब उभाच राहिला. "दरवाजा तोडताय?"

"तोडत नाही, कामाला लावतेय."

"अहो, पण मग कारखाना बंद कसा करणार?"

"तोच प्रश्न तुम्हाला आधीच पडायला हवा होता," मी म्हणाले. "आता ते कुलूप कशाला लावायचं ते शिपायाला ठरवू द्या."

भाऊजी हसले. मी त्यांना शेवटचं हसताना कधी बघितलं होतं ते मला आठवत नाही. ते आले, माझ्या हातातून पहार घेतली आणि दुसरी झडप स्वतः उतरवली. शिपाई कुलूप हातात घेऊन इकडे तिकडे बघत राहिला, मग पिशवीत टाकून त्यानेही फळ्या उचलायला हात लावला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दरवाजा भरभरून जळला. चार चाळीसला भाऊजींनी काडी घासली. मी, भाऊजी आणि पैलवान, तीन सांडश्या. उचलली, आणली, धरली. मी दात आवळले. "सोडा," भाऊजी म्हणाले.

धाव खाली गेली. सगळीकडून एकदम गेली. भाऊजी गोल फिरून हातोड्याने ठोकत होते, लाकूड पेटत होतं, मी ओरडले, "पाणी!" पैलवानाने एक बादली ओतली, शिपायाने दुसरी, आणि तिसरी कोणी ओतली ते वाफेत दिसलं नाही. वाफ विरली तेव्हा साहेब रिकामी बादली घेऊन उभा होता, सदरा छातीपर्यंत भिजलेला. आणि चाक बोलायला लागलं. कट्, कट्, कट्. एकेक सांधा आवळत होता, एकेक आरा आपल्या भोकात आत शिरत होता. हा आवाज ज्याने चाक केलं आहे त्यालाच माहीत.

भाऊजींनी चाक उभं केलं आणि हातोडीने टिचकी मारली. घंटेसारखं वाजलं. पैलवानाने ते आसावर चढवलं, गाडीवर माझी ऐंशी किलोची जुनी मोटर आणि आणखी काय काय लोखंड रचलं, आणि गल्लीच्या टोकापर्यंत पळत जाऊन पळत आला. चाक तसूभर डगमगलं नाही. घड्याळात पाचला चार मिनिटं होती.

साहेब खुर्चीवर बसला, मांडीवर कागद घेतला. "युनिट शून्य," तो लिहिता लिहिता म्हणाला. "कारखाना चालू. मी सही करतो. वरचे विचारतील तर त्यांना इथे घेऊन येतो." मग तो थांबला. "एक रकाना राहिला. इथे काम करणारे कारागीर. तुमच्या परवान्यावर जुनं लिहिलंय तेच ठेवतो. लोहार एक, मदतनीस एक."

चाळीस वर्षं त्या कागदावर तेच होतं. आधी नवऱ्याच्या नावाखाली, मग दिराच्या. मला त्याचं काही वाटत नसे, किंवा वाटून घ्यायला कधी वेळ झाला नव्हता. मी हात धुवायला वळले.

"मदतनीस कोण?" मागून भाऊजींचा आवाज आला. एवढा मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "साहेब, मदतनीस कोण?"

"म्हणजे, बाई..."

"सकाळपासून इथे बसलात ना? ते चाक कोणी केलं? घण कोणी मारला? चाळीस वर्षं हिच्या चाकांवर मी धावा चढवतोय. खोडा ते." साहेबाने पेन उचललं. "सुतार लिहा. आणि खाली नका लिहू, वर लिहा. चाक आधी होतं, धाव मागून चढते."

साहेबाने 'मदतनीस' खोडलं. वरच्या ओळीत लिहिलं, 'सुतार एक'. त्याखाली, 'लोहार एक'. मग कागद वळवून माझ्यापुढे धरला, बरोबर आहे का बघा म्हणाला.

मला रडू आलं. धूर डोळ्यांत गेला वगैरे मी म्हणणार नाही, धूर केव्हाच विरला होता. मी चारचौघांत, उजेडात, सोललेल्या हातांनी तोंड झाकून रडले, आणि ज्याला बघायचं होतं त्याने बघितलं. भाऊजी दिवसाचे काय, वर्षाचे शब्द खर्चून बसले होते. त्यांनी फक्त एक बादली पाणी माझ्या पुढ्यात आणून ठेवली आणि माझे हात तिच्यात बुडवले.